एक पॉइंट वीस म्हणजे किती? रब्बी ज्वारीच्या सर्वेक्षणातलं एक प्रकरण

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. मंगळवेढ्यात आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीत रात्रीची जेवणं आटोपून मी दिवसभराचे फॉर्म उघडून बसले होते. टॅबवरून आलेल्या माहितीत एकही लाल खूण नव्हती. सगळे रकाने भरलेले, आकडे ठरवलेल्या मर्यादेत. तरी एक गोष्ट डोळ्यांत खुपत होती. ज्यांची ज्वारी एकराच्या आत होती, त्यांनी एकरी दहा-दहा किलो बी पेरलेलं दिसत होतं, आणि पाच-सहा एकरवाल्यांनी चार-साडेचार किलो.

रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बी लागतं, म्हणजे एकरी ४ किलो. पेरताना चाड्यावर मूठ धरणाऱ्याचा हात थोडा जड-हलका असतो हे खरं, पण अडीचपट नाही.

त्या वेळी मनात जे पहिलं आलं, ते इथे नोंदवून ठेवते, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याशी जोडलेलं आहे. मला वाटलं, लहान शेतकरी कडब्यासाठी दाट पेरत असतील. दाट पेरलं की ताट बारीक राहतं, जनावर चवीनं खातं. ज्याच्याकडे दोन म्हशी आणि वीस गुंठे रान, तो असं करणारच. हे स्पष्टीकरण इतकं पटण्यासारखं होतं की त्या रात्री मी लॅपटॉप मिटून झोपले. चुकीच्या आकड्याला बरं स्पष्टीकरण सापडलं की तो आकडा पुन्हा कोणी तपासत नाही, आणि मीही तेच केलं होतं.

काम काय होतं ते थोडक्यात. मंगळवेढा आणि मोहोळ तालुक्यांतली पाच गावं, सहा प्रगणक, तीन फेऱ्या. पेरणीनंतर क्षेत्र, बियाणं, खत, वाण. डिसेंबरात रोपांची संख्या. फेब्रुवारीत काढणीच्या वेळी पाच बाय पाच मीटरची चौकट टाकून कापणी प्रयोग, आणि शिवाय शेतकऱ्याच्या खळ्यावरचं एकूण उत्पादन. प्रश्न असा होता की हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत ज्वारीचा एकरी उतारा किती बदलतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात आजही इथल्या घराघरांत पेरली जाते, त्यामुळे हा प्रश्न या मातीत नवा नाही. आणि एकरी उतारा म्हणजे शेवटी एक भागाकार. वर धान्य, खाली क्षेत्र. खालचा आकडा चुकला तर वर कितीही बारकाईने वजन करा, उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्ण तक्त्याकडे न बघता फक्त क्षेत्राचा रकाना प्रगणकानुसार वेगळा काढला आणि दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे वाचत गेले.

पहिल्या प्रगणकाचे आकडे: ०.२०, ०.३०, १.१०, १.२०, २.३०, ०.३५. पॉइंटच्या पुढे ३९ च्या वर एकही संख्या नाही. एकही पॉइंट पाच नाही, एकही पॉइंट पंच्याहत्तर नाही. दुसऱ्याचे आकडे: ०.५, ०.७५, १.५, २.२५. तिसऱ्याचे: ०.४०, ०.६१, ०.८१, १.०१, १.२१.

ज्याने सोलापूर जिल्ह्यात चार शेतकऱ्यांशी जमिनीविषयी बोलणं केलं आहे, त्याला हे तीन रकाने तीन वेगवेगळ्या माणसांच्या हस्ताक्षरासारखे ओळखू येतील. पहिला प्रगणक एकर-गुंठे लिहीत होता. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून पॉइंटच्या पुढे कधीच चाळीस येत नाही, चाळीस झाले की पुढचा एकर लागतो. त्याचं १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, दीड एकर. दुसरा खरोखर दशांशात एकर लिहीत होता. तिसरा शेतकऱ्याकडून सातबारा मागून त्यावरचा आकडा उतरवत होता, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंभर आरचा एक हेक्टर. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, दीड म्हणजे ०.६१, दोन म्हणजे ०.८१, तीन म्हणजे १.२१. ते त्याने तसंच्या तसं आमच्या 'एकर' लिहिलेल्या चौकटीत टाकलं होतं.

फॉर्ममध्ये प्रश्न असा होता: 'ज्वारीखालील क्षेत्र (एकर)'. खाली दशांश आकड्याची एक चौकट. मर्यादा ०.१ ते २५. तिन्ही प्रकारचे आकडे या मर्यादेत बिनबोभाट बसत होते. १.२० हा आकडा तीन जागी तीन अर्थांनी खरा होता: दीड एकर, एक एकर आठ गुंठे, किंवा जवळपास तीन एकर. प्रश्नावली मी तयार केली होती. ती तपासणाऱ्या तिघांपैकी एकालाही ही चौकट खटकली नाही, आणि यात प्रगणकांचा दोष मी आजही मानत नाही.

आता त्या दहा किलो बियाण्याकडे परत येऊ. अर्धा एकर रान, दोन किलो बी. एकरी चार किलो, अगदी शिफारशीप्रमाणे. पण अर्धा एकर '०.२०' लिहिला गेला की तेच दोन किलो एकरी दहा किलो होतात. एकराच्या आतल्या प्रत्येक क्षेत्राला हीच अडीच पटीची फूग येते, कारण चाळीसचा भाग शंभराचा समजला जातो. दीड एकर १.२० लिहिला तर फूग सव्वापट. साडेपाच एकर ५.२० लिहिला तर जेमतेम सहा टक्के. म्हणजे ही चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. जितकं रान लहान, तितकी ती मोठी.

हे समजल्यावर मला खरी भीती वाटली. फेब्रुवारीत आम्ही धान्य मोजून या क्षेत्राने भागलं असतं, तर निष्कर्ष असा निघाला असता की लहान शेतकऱ्याचा एकरी उतारा मोठ्या शेतकऱ्याच्या दुप्पट-अडीचपट आहे. आणि तो निष्कर्ष कोणालाही आश्चर्याचा वाटला नसता. शेताचा आकार आणि एकरी उत्पादकता यांचं उलटं नातं हा भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. १९५० च्या दशकातल्या शेती व्यवस्थापन पाहण्यांतून ते दिसलं, १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी त्यावर लिहिलं, आणि त्यातलं किती खरं, किती मोजमापाच्या चुकीतून आलेलं, यावर अजून चर्चा चालते. आमचा आकडा त्या चर्चेत सहज सामावला असता. बरोबर मांडणीत बसणारी चूक पकडायला कोणीही येत नाही.

जिथे माहिती जमा होऊन पुढे विश्लेषण व्हायचं होतं, तिथून फोनवर सूचना आली की पहिल्या आणि तिसऱ्या प्रगणकाच्या आकड्यांना सूत्र लावा आणि पुढे चला. चार मिनिटांचं काम. मी नकार दिला. कारण तोवर आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. पहिला प्रगणक नेहमी एकर-गुंठ्यात लिहीत नव्हता. शेतकरी 'एक एकर वीस गुंठे' म्हणाला की तो १.२० लिहायचा, पण शेतकरी 'सव्वादोन' म्हणाला की २.२५ लिहायचा. आता २.२५ म्हणजे सव्वादोन की दोन एकर पंचवीस गुंठे? त्यालाही आठवत नव्हतं. दुसरं, तक्ता एक्सेलमध्ये उघडल्यावर पॉइंटच्या शेवटचं शून्य गळून पडत होतं. एक एकर वीस गुंठे आणि एक एकर दोन गुंठे, दोन्ही १.२. मूळ फॉर्म उघडून प्रत्येक नोंद बघितली तरी काही ठिकाणी माणसाला विचारल्याशिवाय उलगडा नव्हता.

पेरणी होऊन तीन-चार आठवडेच झाले होते, शेतकरी गावात होता, रान समोर होतं. आत्ता विचारणं शक्य होतं. मार्चमध्ये ते शक्य राहिलं नसतं. आम्ही पुढची गावं आठवडाभर थांबवली आणि परत फिरलो.

परत विचारायला जाणं सोपं नसतं, हे पहिल्याच वस्तीवर कळलं. मंगळवेढ्याकडचे एक अण्णा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "ताई, परवा तर तुमच्या पोरानं समदं लिहून नेलंय की. आता परत काय?" मी सांगितलं, लिहिण्यात आमची चूक झाली आहे, तुमची नाही. तुमचं रान किती ते आम्हाला नीट कळलं नाही. त्यावर ते उठले. "चला मग, दावतोच." आणि आम्ही बांधाबांधाने रानाला फेरी मारली.

त्या फेरीने आणखी एक गाठ सुटली. सातबाऱ्यावर गटाचं क्षेत्र होतं १.२१ हेक्टर, तीन एकर. त्यात तीन भाऊ. वाटणी तोंडी, कागदावर सामायिक. अण्णांच्या वाट्याला एक एकर. त्यातही ओढ्याकडची चार-पाच गुंठे पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी, आणि उरलेल्यात ज्वारीसोबत करडईच्या ओळी. त्यांनी पहिल्या दिवशी सातबारा दाखवला, कारण आमच्या मुलाने मागितला. कागद मागितला की माणूस कागद देतो, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. सातबारा मालकीविषयी बोलतो. यंदा कोणत्या कोपऱ्यात काय पेरलं आहे, हे त्यावरून कळण्याची सोय नाही. पीक पाहणीचा रकाना असतो, पण तो आमच्या कामापुरता बारीक नसतो.

फेरी मारताना मोबाइलच्या जीपीएसने मोजलेलं क्षेत्र आणि त्यांनी तोंडी सांगितलेलं क्षेत्र जवळजवळ जुळलं. हे पुढेही वारंवार दिसलं: स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मापात विचारलं की शेतकऱ्याचा अंदाज चांगला असतो. दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्याला मात्र जीपीएसची तीन-चार मीटरची चूकही जड जाते. दहा गुंठ्यांची बाजू सरासरी बत्तीस मीटरच असते. तिथे आम्ही फीत धरली.

आता या प्रकरणातला तो भाग, जो मला लिहायला जड जातो.

सहा प्रगणकांत मोहोळ तालुक्यातली एक मुलगी होती. तिच्या मुलाखती टॅबनुसार बारा-पंधरा मिनिटांत संपायच्या, बाकीच्यांना पस्तीस-चाळीस लागायचे. आणि तिच्या बऱ्याच फॉर्मवरचं जीपीएस ठिकाण एकच होतं. तपासलं तर ते तिचं राहतं घर निघालं. सर्वेक्षणात काम केलेल्या कोणालाही यावरून एकच गोष्ट वाटेल: घरी बसून भरलेले फॉर्म. मला तेच वाटलं. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, आणि माझा स्वर विचारण्याचा नव्हता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही.

मी तिच्या यादीतली सहा घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि स्वतः गेले. सहाही घरी ती जाऊन आली होती. प्रत्येक ठिकाणी तासभर बसली होती. बियाणं, खत, क्षेत्र, सगळं जुळलं. एका घरी युरियाचं पोतं तिने ४५ किलो धरलं होतं, बाकीच्यांनी सवयीने ५० धरलं होतं. २०१८ पासून युरियाचं पोतं ४५ किलोचं झालं आहे, हे तिच्या लक्षात होतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे होती, तिने बसायला चटई टाकली. मुलीने वही पुढे केली. दोनशे पानी वही, प्रत्येक घराला एक पान. उन्हात टॅबचा पडदा दिसत नाही, आणि बायका खुरपता खुरपता बोलत असतात, टॅब काढला की त्या गप्प होतात आणि घरातल्या पुरुषाकडे बघतात. म्हणून ती वहीत लिहायची आणि रात्री घरी टॅबमध्ये भरायची. प्रशिक्षणात आम्ही 'वही वापरू नका' असं सांगितलं होतं, म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

वहीत लिहिलेलं होतं: '१ एकर २० गुं., तोंडी. ७/१२ सामायिक. करडई आत.' संपूर्ण प्रकल्पात क्षेत्राची सगळ्यात नेमकी नोंद ही होती. आमच्या चौकटीत शिरताना ती १.२० झाली होती.

मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरही मागितली, कारण आरोप सगळ्यांसमोर झाला होता. फॉर्मची दुरुस्ती मग तिच्या वहीवरूनच झाली. एकर आणि गुंठे अशा दोन वेगळ्या चौकटी, गुंठ्याला ३९ ची मर्यादा. हेक्टर-आर सांगितले तर त्यासाठी वेगळ्या चौकटी. माहिती कुठून आली तेही लिहायचं: तोंडी, कागदावरून की मोजून. गटाचं क्षेत्र, स्वतःचा वाटा आणि ज्वारीखालचं क्षेत्र हे तीन स्वतंत्र प्रश्न. शेवटी प्रगणकाने मोठ्याने वाचायचं वाक्य: "म्हणजे एकूण दीड एकर, बरोबर ना?" शेतकरी मान हलवेल किंवा "न्हाई, न्हाई" म्हणेल. बहुतेक दुरुस्त्या या एका वाक्याने जागेवरच झाल्या. वही वापरायची परवानगी दिली, अट एवढीच की पानाचा फोटो फॉर्मला जोडायचा आणि जीपीएस शेतातच घ्यायचं.

जुने आकडे पुसले नाहीत. प्रत्येक दुरुस्तीपुढे जुना आकडा, नवा आकडा, कोणी बदलला, कोणत्या दिवशी, कोणाला विचारून, हे वेगळ्या तक्त्यात ठेवलं. विश्लेषण करणाऱ्यांना हे सुरुवातीला वेळखाऊ वाटलं. नंतर त्यांनीच तो तक्ता दोन वेळा मागून घेतला.

सोलापूर जिल्ह्यात हे शहाणपण आधी येऊन गेलेलं आहे, हे मला पुढे वाचनातून उमगलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ मध्ये गावपातळीवरचे दीर्घ अभ्यास सुरू केले, तेव्हा निवडलेल्या पहिल्या सहा गावांत शिरापूर आणि कळमण ही दोन आपल्या जिल्ह्यातली होती. त्यांचे अन्वेषक गावातच राहायचे. जो गावात राहतो त्याला वीस गुंठ्यांचं रान डोळ्यांसमोर दिसत असतं, त्याला एक पॉइंट वीसचा घोळ होत नाही. आमच्याकडे तेवढा काळ आणि पैसा नव्हता. पण निदान गावातली मुलगी होती, आणि तिलाच आम्ही संशयाने पाहिलं.

काढणीच्या फेरीबद्दल थोडंच लिहिते. एका प्रगणकाने चौकट टाकण्यासाठी पावलं मोजली, जागा मुरमाड टापूवर आली, तिथे ज्वारी गुडघाभर. त्याने चौकट दहा पावलं सरकवून चांगल्या पिकात टाकली. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला वाटलं शेतकऱ्याचं नुकसान दिसू नये. त्याला समजावताना मी गणित मांडलं: पंचवीस चौरस मीटरमधलं वजन ४०० ने गुणलं की हेक्टरी आकडा येतो, म्हणजे इथली शंभर ग्रॅमची चूक तिथे चाळीस किलो होते. चौकटीच्या दोरीवर आलेली ताटं कोणती घ्यायची, कोणती सोडायची, यावरही तासभर सराव घेतला. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं होतं की चौकट जितकी लहान, तितका उतारा फुगतो, कारण काठावरची झाडं आत ओढली जातात. दाण्यातला ओलावा मोजून १२ टक्क्यांवर आणणं हेही तेव्हाच. १८ टक्के ओलाव्याचे ४.४ किलो दाणे म्हणजे हिशेबात ४.१ किलोच.

आणि हुरडा. जानेवारीत पाहुणे येतात, शेतात आगटी पेटते, बांधालगतची कणसं खुडली जातात. ज्या शेतात हुरडा झाला, तिथल्या चौकटीत ताटं उभी पण कणसं नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये पक्षी होते, चिकटा होता, मावा होता, हुरडा नव्हता. तोही प्रश्न त्याच मुलीने डिसेंबरात सुचवला, वेळेत.

परत फिरण्यातून जी घरं सुटली, ती ऊसतोडणीला गेलेल्यांची. पेरणी करून, आम्ही पहिल्यांदा भेटल्यावर लगेच ती माणसं कोयते घेऊन बाहेरगावी गेली. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हाताऱ्यांना 'रान किती' विचारलं तर "पोरगा आला की इचारा" म्हणायचे. या नोंदींसमोर आम्ही 'एकक तपासलेलं नाही' असं लिहिलं आणि सूत्र लावलं नाही.

एप्रिलमध्ये ती माणसं परतली तेव्हा मी आणि ती मुलगी पुन्हा गेलो. रानं मोकळी झाली होती, नांगरट व्हायची होती, पण बांध जागेवर होते. एका घराची सून आमच्यासोबत चालली, कडेवर पोर, आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बोट दाखवत गेली. फीत धरून आम्ही मोजलं: एक एकर सहा गुंठे. वहीत लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिने मान हलवली.

मग किती पोती ज्वारी झाली ते विचारलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी काढली, थोडी इकली, थोडी खाल्ली. मोजलं कुणी, ताई?"

क्षेत्राच्या रकान्यात १ एकर ६ गुंठे लिहिलं. उत्पादनाचा रकाना रिकामा ठेवला.